तुम्ही विचारलंत म्हणून: लोक येत नाहीत, तरी तुम्ही का जाता?

लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, की काय हो, गावाच्या विकासकामांचा आराखडा लोकांना विचारून करायचा म्हणता, पण लोक ग्रामसभेला येतात कुठे? तेव्हा बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते.

आधी जरा भांडून घेते. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे लागणारी किमान हजेरी किती, तर मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. म्हणजे लोक न येण्याची सोय नियमातच आहे आणि ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती ठेवतात सकाळी अकराला, बाया खुरपायला गेलेल्या असताना, आणि मग म्हणायचं बायकांना इंटरेस्ट नाही. एवढं सांगितलं की कुणीतरी मेंढा लेखाचं उदाहरण देतंच. गडचिरोलीतलं ते गाव बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं ठरवतं, पटेपर्यंत पुन्हा पुन्हा बसतं, माहितीये मला. त्यांच्या बसण्यावर आराखडा ऑनलाइन अपलोड करायची शेवटची तारीख टांगलेली नव्हती.

झालं भांडून. आता खरं सांगते, कारण हे मी आत्तापर्यंत नीट कुणाला सांगितलेलं नाही.

2016 ची गोष्ट. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला होता, 'आमचं गाव आमचा विकास' ही आराखड्यांची सरकारी मोहीम सुरू होती आणि मी गावोगाव आराखडा करून घ्यायला जायचे. एका गावाला तीन दिवस. नगर जिल्ह्यातल्या एका गावात वस्तीवरच्या बायांनी अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला, विहीर निळ्या रंगानं, शाळा पिवळ्या, आणि एकीनं नळकोंडाळ्याशी चिंचोके मांडले, एक चिंचोका म्हणजे पाण्यासाठी शाळा बुडवून घरी थांबणारी एक पोरगी. अकरा चिंचोके होते. मला अजून दिसतात. पाणी सुटायचं दहाला, रोजावर न्यायला टेम्पो यायचा आठला. मागणी एकच, पाणी सहाला सोडा. टाळ्या वाजल्या, मी फोटो काढले, मला वाटलं याला म्हणतात लोकसहभाग.

रात्री फॉर्म भरायला बसले. कामाचं नाव, ठिकाण, अंदाजे खर्च. 'पाणी सहाला सोडणे, खर्च शून्य' याला रकानाच नव्हता. शून्य खर्चाचं काम म्हणजे कामच नव्हे ना. मग मी काय केलं, तर लिहिलं 'वस्ती पाणीपुरवठा सुधारणा, तीन लाख'. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. कुणी दबाव आणला नव्हता हो. मला वाटलं एकदा आराखड्यात नाव तरी बसू दे, पुढचं बघू.

पुढच्या वर्षी गेले तर वस्तीवर काळी प्लास्टिकची टाकी उभी, स्टँडवर, खाली निधीचं नाव रंगवलेलं. पाणी दहालाच. ज्या आजीनं चिंचोके मांडले होते ती म्हणाली, "म्याडम, आमी येळ मागितली व्हती, टाकी न्हाय." चिडून पण नाही म्हणाली, दुकानदारानं चुकून दुसरं सामान दिल्यावर सांगतात तसं म्हणाली, आणि मला तेच जास्त लागलं. त्या वर्षीच्या महिला सभेला वस्तीवरून एकही बाई आली नाही. शिपायानं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या आणल्या, आणि 'उपस्थिती समाधानकारक' या रिपोर्टवर माझी पण सही आहे.

आता तेव्हाची मी लगेच उठून बोलते, की तीन दिवसांत आणखी काय करणार होतीस, टाकी तर आली ना. आणि खरं म्हणजे टाकी चुकीचीही नव्हती! पाणी सोडणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला विहिरीवरच्या मोटारीला त्या लाइनवर सकाळी थ्री फेजच नसते, दहाच्या आधी सोडू कुठून. म्हणजे रात्री लाईट असताना टाकी भरून ठेवली आणि सहाला कॉक फिरवला तर जमलं असतं. हे कुणाला सुचलं नाही कारण ज्याच्या हातात कॉक होता तो नकाशाच्या दिवशी गर्दीच्या मागे उभा होता आणि त्याला आम्ही विचारलंच नाही, नागरिकांत धरलं नाही की अधिकाऱ्यांत. मग सहाला कॉक फिरवायला कोण येणार यावरून वाद झाला, जादा पगार कुठून द्यायचा वगैरे, आणि माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. अकरा पोरींचं काय झालं मला माहीत नाही. फोन करून विचारता आलं असतं, नाही केला.

तर लोक का येत नाहीत. आळशी असतील काही, राजकारण असेल, मी नाही कशाला म्हणू. पण त्या वस्तीवर लोक आले होते, अंगण सारवून आले होते, आणि त्यांनी सांगितलं ते मी बदलून लिहिलं. आता मी शून्य खर्चाच्या मागण्या वेगळ्या वहीत लिहिते आणि सभेत मोठ्यानं वाचते. त्यानं फरक पडतो का? कधी पडतो, बहुतेक वेळा भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, घड्याळ बघतात.

या महिन्यातल्या गावात महिला सभा रात्री आठला ठेवा म्हणून सांगितलंय. भाऊसाहेब म्हणाले, रात्री शिपाई थांबत नाही, ऑफिस उघडणार कोण. मी म्हटलं देवळात घेऊ. त्यावर वस्तीवरची एक बाई म्हणाली, देवळात नको, आमच्याकडे या. अजून ठरायचंय.