ग्रीनवर मारावे की तळ्याअलीकडे थांबावे?

अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या गोल्फ कोर्सच्या पंधराव्या होलवर, जिथे ग्रीनपुढे तळे आहे, दोन खेळाडू 58 वर्षांच्या अंतराने जवळजवळ एकाच प्रश्नापुढे उभे राहिले होते. 1935 मध्ये जीन सारझेन हा क्रेग वुडच्या तीन फटके मागे होता आणि दुसऱ्या फटक्यासाठी त्याच्यापुढे सुमारे 235 यार्ड उरले होते. 1993 च्या मास्टर्समध्ये, म्हणजे तिथल्या वार्षिक स्पर्धेत, शेवटच्या फेरीत चिप बेक हा बर्नहार्ड लँगरच्या तीन फटके मागे होता आणि त्याच्यापुढेही साधारण तेवढेच अंतर होते. सारझेनने फोर-वुड हा लांब फटक्याचा क्लब काढला आणि चेंडू थेट होलमध्ये गेला. तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी मोडण्यासाठीच्या 36 होलच्या प्लेऑफमध्ये तो जिंकला. बेकने चेंडू पाण्याच्या अलीकडे ठेवला. लँगर चार फटक्यांनी जिंकला, बेक दुसरा आला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे गोल्फविषयीच्या गप्पांमध्ये बेकचे नाव भित्रेपणाचे उदाहरण म्हणून घेतले जात राहिले.

मला ही टीका नेहमीच उथळ वाटत आली आहे. पार-फाइव्ह होलवर, म्हणजे पाच फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेल्या होलवर, दुसऱ्या फटक्यात ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक गवताची जागा) गाठायचे की ले-अप करायचा, म्हणजे चेंडू मुद्दाम अडथळ्याच्या अलीकडे थांबवायचा, हा मुळात धैर्याचा प्रश्न नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब करायचा म्हटला की आपला सर्वोत्तम फटका कुठे जाईल यापेक्षा आपला नेहमीचा वाईट फटका कुठे जाईल आणि तिथून पुढे किती फटके लागतील, हे आधी पाहावे लागते. बेकच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की चार होल उरले असताना आणि लँगरकडे तीन फटक्यांची आघाडी असताना त्याच्यासाठी पाण्यात गेलेल्या चेंडूची किंमत नेहमीपेक्षा कमी होती. तीन फटक्यांनी हरणे आणि पाच फटक्यांनी हरणे यात विजेतेपदाच्या दृष्टीने काहीही फरक नसतो. म्हणून मी त्याच्या जागी असतो तर मारले असते. पण बेकने ले-अपचा तोच निर्णय पहिल्या फेरीत घेतला असता, तर कोणी त्याची आठवणही ठेवली नसती.

आता हिशेब. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील फटक्यांची जी मोजदाद केली, तिच्यामुळे एक जुना समज बराचसा निकालात निघाला. ‘शंभर यार्डांवरून मला पूर्ण वेज मारता येते, म्हणून मी मुद्दाम शंभर यार्ड ठेवतो’ हे वाक्य प्रत्येक क्लबात ऐकू येते (वेज म्हणजे जवळच्या अंतरावरून चेंडू उंच उडवणारा क्लब). प्रत्यक्षात फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर, 100 यार्डांवरून टूरवरील खेळाडूला होल संपवायला सरासरी सुमारे 2.80 फटके लागतात, 40 यार्डांवरून सुमारे 2.60 आणि 20 यार्डांवरून सुमारे 2.40. इतकेच नव्हे, तर 20 यार्डांवर चेंडू रफमध्ये, म्हणजे बाजूच्या उंच गवतात, असला तरी ही सरासरी 2.59 च्या आसपास राहते, म्हणजे शंभर यार्डांवरच्या स्वच्छ फेअरवेपेक्षा ती स्थिती चांगलीच ठरते. मधे पाणी, आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेरची जागा) किंवा चेंडू हरवेल असे रान नसेल, तर केवळ आवडते अंतर राखण्यासाठी मागे थांबण्यात फारसा अर्थ उरत नाही. अशा होलवर ग्रीन गाठता येत नसले तरी शक्य तितके पुढे जावे.

खरा पेच मधे पाणी असते तेव्हा येतो. समजा, एखादा 18 हँडिकॅपचा, म्हणजे पारपेक्षा साधारण 18 फटके जास्त लागणारा, खेळाडू पार-फाइव्हवर उभा आहे, ग्रीनपुढे तळे आहे आणि ते ओलांडायला 190 यार्डांची कॅरी (हवेतले अंतर) लागते. तो ले-अप करून 90 यार्डांवर थांबला, तर तिथून त्याला साधारण साडेतीन फटके लागतील असे धरू. ले-अपचा एक मिळवून साडेचार. थ्री-वुडने मारल्यावर चेंडू पाणी ओलांडून गेला, कधी ग्रीनवर आणि कधी वाळूच्या बंकरमध्ये किंवा बाजूच्या रफमध्ये पडला, तर हा फटका धरून सरासरी साडेतीनमध्ये काम होते. पाण्यात गेला, तर मारलेला एक, दंडाचा एक आणि ड्रॉपनंतरचे (पाण्याअलीकडे नवा चेंडू टाकून मारलेले) साडेतीन मिळून साडेपाच. म्हणजे दहापैकी पाच चेंडू पाण्यात गेले तर दोन्ही पर्याय सारखेच पडतात, आणि चारच गेले तर मारणे थोडे स्वस्त पडते. हे आकडे मी ढोबळ धरले आहेत, प्रत्येकाने त्यात आपले आकडे घालावेत. पण यातून निघणारी गोष्ट मला स्वतःला अनपेक्षित होती. व्यावसायिक खेळाडूसाठी हाच हिशेब मांडला तर तीनपैकी एक चेंडू पाण्यात जाणार असेल तरीही मारणे महाग पडू लागते, कारण त्याच्या ले-अपनंतरची वेज फार चांगली असते. आपली वेज तितकी चांगली नसल्याने आपल्या ले-अपची किंमतही तितकी नसते. म्हणून ‘हौशी खेळाडूने नेहमी ले-अप करावा’ हा सल्ला जितका शहाणपणाचा वाटतो तितका तो नाही.

अर्थात, या हिशेबात घालण्याचा आकडा खरा असला पाहिजे, आणि घोडे तिथेच अडते. सरावाच्या रेंजवर मॅटवरून गेलेल्या लांब फटक्यांपैकी जो सर्वांत लांब गेला, तोच आपण आपले अंतर म्हणून सांगत फिरतो. 190 यार्डांची कॅरी म्हणजे चेंडू हवेतून 190 यार्ड जायला हवा. पडून, घरंगळून 190 पर्यंत पोहोचला तर तो तळ्यातच जातो. टॉप झालेला (चेंडूच्या माथ्यावर लागलेला), जाड लागलेला (आधी जमिनीला लागलेला) आणि स्लाइस झालेला (बाजूला वळलेला) फटकाही मोजणीत धरला, तर मध्यम हँडिकॅपच्या पुष्कळ खेळाडूंची पाण्यातली संख्या पाचाच्या वर जाईल, असा माझा अंदाज आहे. ज्याने हे मोजलेले नाही, त्याने ले-अप करावा हे बरे.

आता ले-अपकडे वळू, कारण त्याविषयी बोलले फार कमी जाते. ऑगस्टाचा तोच पंधरावा होल पाहा. 2013 च्या मास्टर्समध्ये दुसऱ्या फेरीत टायगर वुड्सने तिथे ले-अप केला आणि तिसरा फटका इतका अचूक मारला की चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटून मागे तळ्यात गेला. त्यानंतर चुकीच्या जागी ड्रॉप घेतल्याबद्दल त्याला आणखी दोन फटक्यांचा दंड झाला, तो वेगळाच. 2018 मध्ये गतविजेत्या सर्जिओ गार्सियाला तिथे पहिल्या फेरीत 13 फटके लागले. त्याचा दुसरा फटका पाण्यात गेला हे खरे, पण उरलेले चार चेंडू वेजने मारलेले होते आणि ग्रीनवर पडून उतारावरून मागे पाण्यात गेले. 2025 मध्ये रोरी मॅकलरॉयने शेवटच्या फेरीत, हातात आघाडी असताना, तेराव्या होलवर शहाण्यासारखा ले-अप केला आणि शंभर यार्डांहूनही कमी अंतरावरून चेंडू ओढ्यात घातला. होल डबल बोगीने, म्हणजे पारपेक्षा दोन जास्त फटक्यांनी, गेला. त्यानंतर पंधराव्यावर त्याने सेव्हन-आयर्नने झाडांना वळसा घालून चेंडू होलपासून काही फुटांवर आणला आणि अखेरीस प्लेऑफमध्ये जस्टिन रोजला हरवून स्पर्धा जिंकली. त्या दिवशी त्याचा सुरक्षित निर्णय महाग पडला आणि धाडसी निर्णय स्वस्त, हे पाहून काहींनी लगेच उलटा नियम काढला. एका दिवसावरून नियम काढू नये. पण ले-अप केला म्हणजे धोका संपला, हा भ्रम मात्र त्या दिवसाने नक्की दूर व्हावा.

पंधराव्यावरचा धोका कशात आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. फेअरवे तळ्याकडे उतरत जातो, त्यामुळे पाण्याच्या जवळ थांबलेला चेंडू उतारावर बसतो. उतारावरून मारलेली वेज कमी उंच उडते. समोरचे ग्रीन खोलीला कमी आणि टणक, आणि त्याच्या पुढच्या काठाचा उतार पाण्याकडे. थोडे आखूड पडले की चेंडू मागे येतो आणि थोडे लांब गेले की पलीकडून तळ्याच्या दिशेने चिप करावी लागते. अशा ठिकाणी 80 यार्डांवरच्या उतारापेक्षा आणखी मागची सपाट जागा बरी पडू शकते, आणि वर सांगितलेल्या ‘जितके जवळ तितके चांगले’ या नियमाला इथे अपवाद करावा लागतो. म्हणूनच ले-अप मागून पुढे आखावा: झेंडा कुठे आहे, तिसरा फटका कोणत्या बाजूने आणि कशा जमिनीवरून मारायला आवडेल, तिथे चेंडू ठेवायला कोणता क्लब लागेल. आमच्याकडे बहुतेक जण नेमके उलटे करतात. ले-अप ठरला की लक्ष उडते, हातात फाइव्ह-आयर्न येते, आणि चेंडू तळ्याच्या काठाशी किंवा चक्क तळ्यात जातो. ले-अप करायचाच तर तो असा असावा की आपला सर्वांत लांब गेलेला फटकासुद्धा पाण्याच्या अलीकडेच राहावा. पाण्याला वीस यार्ड सोडण्यात कंजुषी करू नये.

ले-अपच्या बाजूने नेहमी झॅक जॉन्सनचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तही आहे. 2007 च्या मास्टर्समध्ये त्याने चारही फेऱ्यांत, सोळाच्या सोळा वेळा, पार-फाइव्हवर ले-अप केला, ते होल मिळून 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा 11 कमी फटक्यांत, खेळला आणि दोन फटक्यांनी जिंकला. पण त्या आठवड्यात थंडी होती, वारा होता आणि ग्रीन इतकी टणक होती की जिंकणाऱ्याची एकूण संख्या 289, म्हणजे पारपेक्षा एक जास्त होती. लांबून मारलेला चेंडू ग्रीनवर थांबतच नव्हता, आणि जॉन्सनची वेज त्या काळच्या उत्तम वेजपैकी होती. त्याने आपला हिशेब केला आणि तो बरोबर निघाला. तो आपल्याला जसाच्या तसा उचलता येणार नाही.

अंतराइतकीच चेंडूची बैठक महत्त्वाची आहे, आणि यार्डेज सांगणारे यंत्र ती दाखवत नाही. ऑगस्टाच्या तेराव्यावर फेअरवे उजवीकडून डावीकडे उतरतो, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंच बसतो आणि फटका आपोआप डावीकडे वळू पाहतो. 200 यार्ड सपाट जागेवरून आणि 200 यार्ड अशा उतारावरून, हे दोन वेगळे फटके आहेत. आपल्या क्लबात कॅडीला अंतर विचारण्याआधी चेंडूच्या मागे उभे राहून पायाखालची जमीन पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पुण्या-मुंबईकडच्या कोर्सवर याला ऋतूची जोड द्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडू पडेल तिथेच रुततो, रोल जवळजवळ नसतो, ओल्या हवेत पकड सैल होते आणि क्लब व चेंडूच्या मधे पाणी व गवत येते. हिवाळ्यात सहज ओलांडली जाणारी कॅरी पावसात एका क्लबाने मोठी होते. म्हणून पावसाळ्यात मी ले-अपकडे अधिक झुकतो, आणि ओल्या जमिनीवर चेंडू थांबतो म्हणून तळ्याच्या थोडा अधिक जवळ थांबण्याची मुभाही घेतो. एप्रिल-मेमध्ये फेअरवे भाजून कडक झालेला असतो तेव्हा नेमके उलटे: ले-अपसाठी काढलेला क्लब तीस यार्ड जास्त धावतो आणि सुरक्षित म्हणून मारलेला चेंडू रांगत रांगत पाण्यात उतरतो.

शेवटी स्पर्धेचा प्रकार. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकण्याच्या लढतीत, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पाण्यात गेल्यावर ग्रीनवर मारण्याचे काहीच कारण उरत नाही. तो आधी ग्रीनवर पोहोचला असेल, तर मात्र थांबण्यात हशील नाही. स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक फटका कार्डावर चढतो, आणि आठ किंवा नऊचा एक होल सगळी फेरी खाऊन टाकतो. स्टेबलफोर्डमध्ये, जिथे प्रत्येक होलचे गुण मिळतात, तसे नसते. 18 हँडिकॅपवाल्याला पार-फाइव्हवर सहा फटक्यांचे दोन गुण मिळतात, पाचाचे तीन, सातचा एक, आणि आठ झाले काय किंवा अकरा झाले काय, शून्यच. नुकसानीला अशी मर्यादा पडते, म्हणून स्ट्रोक प्लेमध्ये ज्या चेंडूवर मी ले-अप करीन, त्याच चेंडूवर रविवारच्या स्टेबलफोर्डमध्ये थ्री-वुड काढायला माझी हरकत नसते.