आमची वाटचाल : मेन्यूकार्डाच्या छपाईपासून क्यूआर कोडपर्यंत

उपाहारगृहांची मेन्यूकार्डे छापणारा छोटा छापखाना म्हणून आम्ही सुरुवात केली, तेव्हा ग्राहक आधी टेबलाशी बसत असे, मग कार्ड वाचत असे आणि शंका आलीच तर वाढणाऱ्याला विचारत असे. पदार्थाचे वर्णन दोन ओळींत नेमके बसवणे आणि तेलकट हातांना पुरून उरेल असे लॅमिनेशन करणे, एवढ्यातच आमचे कसब सामावलेले होते.

पिझ्झा हटने १९९४ मध्येच इंटरनेटवरून ऑर्डर घेऊन पाहिली होती. मात्र आमच्या धंद्याला धक्का बसला तो कॅमेरा आणि इंटरनेट एकाच फोनमधून खिशात आले तेव्हा. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले आणि काही वर्षांतच लोक काय खायचे ते घरूनच, चित्र पाहून ठरवून येऊ लागले. वर्णने लिहिणाऱ्या आम्हाला छायाचित्रण शिकावे लागले : उजेड बाजूने घेतला तर पदार्थाचा पोत दिसतो, वाफ गडद पार्श्वभूमीवरच उठून दिसते, आणि हे सारे पदार्थ कोमेजण्याआधी काही मिनिटांत उरकावे लागते. छायाचित्रात वाटीचा आकार कळत नाही, म्हणून शेजारी चमचा ठेवण्याचा आग्रह आम्ही धरला. काही मालकांना तो आवडला नाही, पण फसवे छायाचित्र ग्राहकाला एकदाच आणते, असे माझे मत आहे.

पुढे जेवताना एक हात फोनमध्ये अडकला. एकट्याने जेवताना दुसऱ्याचे जेवण पडद्यावर पाहण्याची, दक्षिण कोरियातून पसरलेली 'मुकबांग'ची रीत मला आधी विचित्र वाटली. सोबतीची गरज लक्षात आल्यावर तितकीशी वाटेनाशी झाली.

२०२०च्या साथीत सामायिक कार्डाला हात लावायला कोणी तयार होईना, तेव्हा आम्ही क्यूआर कोडकडे वळलो. जपानमध्ये १९९४ साली वाहनांच्या सुट्या भागांसाठी तयार झालेला हा कोड, खराब भागातली माहिती भरून काढणाऱ्या दुरुस्तीची सर्वोच्च पातळी वापरल्यास, सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो, त्यामुळे डागांची चिंता मिटली. चूक आमचीच झाली : मेन्यूच्या वेबपानाचा पत्ता थेट कोडातच भरला, पुढे तो पत्ता बदलला आणि छापलेले सगळे कोड निकामी ठरले. ते स्वखर्चाने पुन्हा छापून दिले. आता कोडात ग्राहकाला चालू पानाकडे वळवणारा मधला, कायमचा पत्ता भरतो आणि प्रत्येक कामासोबत मोठ्या अक्षरांतली काही छापील कार्डेही देतो. सर्वांत आधी मळतात ती हीच.