अबलख म्हणजे नेमका कोणता घोडा?

गेल्या महिन्यात गिरगावात मावसभावाची वरात निघण्याआधी मी घोड्याजवळ बराच वेळ उभा होतो. मोतद्दाराने त्याला नुकतेच धुऊन पुसले होते आणि ओल्या पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी स्पष्ट दिसत होती. नाकपुड्या आणि पापण्याही गुलाबीच, डोळे मात्र काळेभोर. "साहेब, हा नुकरा आहे, जन्माला आला तेव्हापासून असाच," असे त्याने अभिमानाने सांगितले.

महालक्ष्मीच्या शर्यतीत दिसणारा पांढरा घोडा वेगळा असतो. तो जन्मतः काळा किंवा तांबडा असतो आणि वयाबरोबर त्याचे केस पांढरे होत जातात. कातडी मात्र काळीच राहते. एसटीएक्स१७ या जनुकातील डीएनएच्या सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दोनदा आल्यामुळे हे घडते, असे २००८ साली सिद्ध झाले. नुकऱ्यासारख्या जन्मजात पांढऱ्या, काळ्या डोळ्यांच्या घोड्यांत मात्र कातडीपर्यंत रंगपेशीच पोहोचलेल्या नसतात आणि अशा घोड्यांत बहुधा तिसऱ्या गुणसूत्रावरच्या किट या जनुकात बिघाड आढळतो. दोघांनाही आपण पांढरा घोडाच म्हणतो.

रंगपेशींचा हा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. गर्भात त्या पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तेथून पोट, पाय आणि कपाळाकडे सरकत जातात. वाटेत त्या कमी पडल्या किंवा उशिरा पोहोचल्या, तर सर्वांत दूरची ठिकाणे कोरी राहतात. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या घोड्याला आपल्या पूर्वजांनी पंचकल्याणी म्हणून शुभ मानले. त्यांनी निवडलेल्या या पाच जागा म्हणजे नेमक्या रंगपेशींच्या शेवटच्या मुक्कामाच्या जागा आहेत. यात योगायोगाचाही वाटा असतो, कारण एकाच घोड्यापासून तयार केलेल्या क्लोनांच्या कपाळावरच्या आणि पायांवरच्या खुणासुद्धा सारख्या नसतात.

अबलख या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. अंगावर पांढरे पट्टे किंवा ठिगळे असलेला कोणताही घोडा आपल्याकडे अबलख ठरतो. पण या एका शब्दात अनेक वेगळे नमुने दडलेले आहेत. टोबियानो या नमुन्यात पांढरा पट्टा पाठीवरून आरपार जातो, पाय पांढरे आणि डोके बहुधा रंगीत असते. किटजवळच्या गुणसूत्राचा मोठा भाग उलटा बसल्याने ते होते. सबिनोत पांढऱ्याच्या कडा विस्कटलेल्या असतात. स्प्लॅश्ड व्हाइट घोडा पांढऱ्या रंगाच्या हौदात पायांवर उभा करून बाहेर काढल्यासारखा दिसतो. त्याचे डोळे बहुधा निळे असतात आणि काही घोडे बहिरेही असतात. फ्रेम ओव्हेरोत ठिगळे बरगड्यांवर आणि मानेवर असतात, पाठ मात्र रंगीतच राहते. अमेरिकेतही टोबियानो नसलेले बरेचसे नमुने दीर्घकाळ ओव्हेरो या एकाच नावाखाली नोंदले गेले.

अशा सरसकट नावाची किंमत फ्रेममध्ये दिसते. ईडीएनआरबी या जनुकातील बदलाची एक प्रत मिळाली तर घोडा ठणठणीत असतो. दोन्ही प्रती मिळाल्या तर शिंगरू जवळपास पूर्ण पांढरे जन्मते. ते उभे राहते, आईला पिते आणि मग पोटदुखीने तडफडू लागते. रंगपेशी आणि आतड्यातील मज्जापेशी यांचे मूळ एकच असल्यामुळे त्याच्या मोठ्या आतड्यात मज्जापेशी पोहोचलेल्याच नसतात, अन्न पुढे सरकत नाही आणि ते काही दिवसांतच मरते. हे कारण १९९८ साली उलगडले. फ्रेमचे दोन वाहक एकत्र आणले की दर वेळी असे शिंगरू होण्याची शक्यता चारात एक असते आणि काही वाहकांच्या अंगावर एवढे थोडे पांढरे असते की नुसत्या नजरेने ते ओळखूच येत नाहीत.

अबलख आणि पंचकल्याणी हे शब्द मला प्रिय आहेत आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ते तसेच ऐकू यावेत, असे मला वाटते. परंतु बाहेरच्या जातींचे रक्त आणून पैदास करणाऱ्याने आपल्या नोंदवहीत त्या शब्दापुढे जनुकाचे नावही लिहावे. त्या तपासणीसाठी मुळासकट उपटलेले आयाळीचे थोडे केस पुरतात.