चेकियात आठ जणांची बिअर-सहल : माझा अनुभव

प्राग, प्लझेन, चेस्के बुड्येयोव्हित्से आणि परत प्राग, असा आमचा चार दिवसांचा त्रिकोण होता. गाडी भाड्याने घेण्याचा विचार पहिल्याच बैठकीत बाद केला. चेकियात चालकाच्या रक्तात मद्याची मर्यादा शून्य आहे, म्हणजे रात्रीची उरलेली बिअर सकाळीही महागात पडते. रेल्वे सोयीची. प्राग ते प्लझेन साधारण दीड तास, तिथून बुड्येयोव्हित्से सुमारे दोन तास. तिकिटं सगळ्यांची एकत्र काढली की गट-सवलत मिळते.

आधी आकडे समजून घ्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी गडबड होते. मेन्यूवर बिअरपुढे १०°, ११°, १२° असं लिहिलेलं असतं. ते तापमान नाही, अल्कोहोलही नाही. आंबवण्याआधीच्या जवाच्या काढ्यात वजनाने किती टक्के विरघळलेला अंश, मुख्यतः साखर, होता ते त्यातून कळतं. १०° ला ‘देसीत्का’ म्हणतात, १२° ला ‘द्वानात्स्त्का’. दश आणि द्वादश जाणणाऱ्याला हे पाठ करावं लागत नाही. अंशांना अडीचने भागलं की अल्कोहोलचा ढोबळ अंदाज येतो, पण तो ढोबळच. प्लझेनची पिल्सनर उर्केल आणि बुड्येयोव्हित्सेच्या बुडवार ब्रुअरीची ओरिजिनल लागर, दोन्ही १२° च्या. तरी पहिलीत अल्कोहोल ४.४ टक्के आणि दुसरीत ५. प्लझेनवाले आंबवणं पूर्ण होऊ देत नाहीत, थोडी साखर मागे ठेवतात. त्यामुळे ती जिभेला भरीव लागते आणि झाटेट्स गावच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडूपणा त्या गोडव्यावर पेलला जातो. बुडवार कोरडी, हलकी वाटते. सगळ्या सहलीत एकच तुलना करायची असेल तर ही करा, शक्यतो लागोपाठच्या दोन दिवसांत.

प्लझेनच्या कारखान्याची फेरी आधी आरक्षित करा. इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि आठ जागा एकदम मिळतीलच असं नाही. बव्हेरियाहून आलेल्या योसेफ ग्रोलने इथे ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा काढला. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), मऊ पाणी आणि तळाशी बसणारं यीस्ट, या जुळणीतून जगभरची पिल्सनर निघाली. फेरीच्या शेवटी तळघरात ओकच्या पिंपातून न गाळलेली, पाश्चराइझ न केलेली बिअर देतात. तिथे भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. जाकीट हॉटेलवर ठेवणारे बिअरची चव न घेता दाराकडे बघत उभे राहतात.

खरी परीक्षा साध्या ‘होस्पोदा’त, म्हणजे पबमध्ये. बसलात की वेटर टेबलावर कागदाची पट्टी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासामागे एक रेघ ओढतो. ग्लास रिकामा होत आला की न विचारता दुसरा येतो. यात आगाऊपणा नाही, तशीच रीत आहे. थांबायचं असेल तर बिअरची गोल चकती ग्लासवर ठेवा. आठ जणांत एकच पट्टी असेल तर शेवटी रेघा कुणाच्या यावरून वाद ठरलेला. टीटीएमएम करायचं असेल तर बसतानाच ‘झ्वलाश्त’, म्हणजे वेगवेगळं, असं सांगून टाका. निघताना सांगितलं की वेटरचा चेहरा बदलतो, आणि त्याची काही चूक नसते.

प्रमाणाचा हिशेब आम्ही लेखी केला होता. मोठा ग्लास अर्धा लिटर, लहान ०.३ लिटर. पाच मोठे ग्लास म्हणजे अडीच लिटर, ४.४ टक्क्यांनी ११० मिली शुद्ध अल्कोहोल. त्यानंतर चव वगैरे काही कळत नाही. लहान ग्लास दोघांत घेतला तर सहा प्रकार चाखूनही माणशी ९०० मिलीच होते. छोट्या ब्रुअरींमध्ये चाखण्यासाठी लहान ग्लासांचा संच मिळतो. जुन्या होस्पोदात मात्र वाटून पिण्याकडे भुवया उंचावून बघतात, तिथे एकच बिअर घ्या आणि उठा. क्रम फिकट १०° पासून सुरू करून १२°, मग तांबूस ‘पोलोत्माव्हे’, शेवटी काळी. उलट केलंत तर काळीतल्या भाजक्या माल्टनंतर १०° पाण्यासारखी लागते.

फेस बघून ‘कमी भरलंय’ म्हणून तक्रार करू नका. ‘ह्लाडिंका’ या नेहमीच्या ओतण्याच्या पद्धतीत तीन बोटं दाट, ओला फेस हवाच. तो बिअरला हवेपासून जपतो आणि कडूपणा मऊ करतो. ‘म्लीको’ तर जवळजवळ पूर्ण फेसच, गोडसर, फेस विरण्याआधी झटकन संपवायचा. तेलकट ओठ फेसाचे वैरी, म्हणून आधी चाखा, मग चखणा.

चखण्यात शाकाहारी लोकांची थोडी पंचाईत होते. तळलेलं चीज ‘स्माझेनी सीर’ आणि तेलात मुरवलेलं मऊ चीज ‘हेर्मेलीन’ सगळीकडे मिळतं. सूप मात्र बहुधा मांसाच्या रश्श्यातलं, आणि बटाट्याचं धिरडं ‘ब्रांबोराक’ कधीकधी डुकराच्या चरबीत तळतात. विचारूनच घ्या. पाणीही मागावं लागतं, आपोआप येत नाही. आम्ही दर ग्लासामागे तेवढंच पाणी असा नियम केला आणि बिलात पाण्याचे पैसे दिसले तेव्हा कुणी कुरकुरलं नाही.