नायट्रो नळ घरी: घोळ नायट्रोजनचा नसतोच

नायट्रो नळ म्हणजे नायट्रोजन मुरवलेली बिअर सायीसारख्या फेसासह ओतणारा नळ. तो घरी बसवला की पहिल्या ग्लासात बहुधा एकच दृश्य दिसतं: पाऊण ग्लास फेस आणि तळाशी दोन बोटं बिअर. मग कोणी दाब कमी करतं, कोणी नळी लांब करतं, कोणी नळच बदलतं. दोष यातल्या कशाचाच नसतो. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त झालेला असतो.

एल किंवा लागर अशा नेहमीच्या बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. नायट्रोसाठी हवा १.१ ते १.३ व्हॉल्यूम. नायट्रोजन विरघळायला मुळातच नाखूष. ४ अंश सेल्सियसला, नळाच्या दाबाखाली, तो लिटरमागे जेमतेम ५० मिलि मुरतो. पण तेवढा पुरतो. एकदा बुडबुड्यात आला की तो पुन्हा बिअरमध्ये शिरायला तयार नसतो. त्यामुळे छोटे बुडबुडे मोठ्यांत रिकामे होत नाहीत आणि फेस सायीसारखा टिकतो. गिनेस या आयरिश बिअर कंपनीत मायकेल ॲश या गणितज्ञाने हे जमवून आणलं, १९५९ साली. घरच्या नळामागे तत्त्व तेच आहे.

सामान फार नाही. १९ लिटरची केग (दाब सोसणारी बिअरची धातूची टाकी), बिअर गॅसचं सिलिंडर, त्याला चालणारा रेग्युलेटर, ५ मिमी आतल्या व्यासाची दीड-दोन मीटर नळी आणि स्टाउट नळ, म्हणजेच नायट्रो नळ. बिअर गॅस म्हणजे ७५ टक्के नायट्रोजन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सिलिंडर साधारण २००० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं एकक) भरलेलं असतं, नुसत्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरपेक्षा दुपटीहून जास्त. दोन्हींच्या झडपांचे आटे मुद्दामच वेगळे ठेवलेले असतात. ॲडाप्टर लावून जुना रेग्युलेटर चालवायचा असेल, तर तो इतका दाब सोसतो का ते त्याच्यावर छापलेलं पाहूनच. दिसत नसेल, तर नायट्रोजनचा रेग्युलेटर घ्यावा. इथे काटकसर नको.

या सिलिंडरचं गेज मात्र प्रामाणिक असतं. आत द्रवरूप काही नसतं, त्यामुळे वायू जितका उरला तितका काटा खाली. १९ लिटरची केग ३० पीएसआयवर पूर्ण रिकामी करायला सुमारे ६० लिटर वायू लागतो. दोन लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरात साधारण २८० लिटर वायू बसतो, म्हणजे चार केगांची बेगमी. पहिल्याच केगला काटा निम्म्यावर आला, तर कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी आधी झाकणाच्या रबरी रिंगेवर लावून बघा, मग सांध्यांवर. १२ पीएसआयला गप्प बसलेला सांधा ३५ ला फुसफुसू लागतो.

आता मुख्य काम, म्हणजे १.२ व्हॉल्यूम गाठणं. सवयीने सगळे केग थंड करतात आणि कार्बन डायऑक्साइड जोडतात. इथेच गाडी घसरते. ४ अंशाला गेजवर शून्य पीएसआय असलं तरी बिअर हळूहळू १.४ च्या पुढे जाते, कारण गेजचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतका दाब. १.२ साठी त्याहूनही कमी दाब हवा आणि तो रेग्युलेटर देऊच शकत नाही. म्हणून हे काम खोलीच्या तापमानाला उरकायचं. २० अंशाला आंबवण संपलेल्या बिअरमध्ये ०.८५ व्हॉल्यूम आपसूकच असतो. केगमधली हवा काढून ५ ते ६ पीएसआय कार्बन डायऑक्साइडवर आठवडाभर ठेवली की उरलेलं भरून निघतं. घाई असेल तर केग दहा-पंधरा मिनिटं हलवायची आणि एक दिवस स्वस्थ ठेवायची. साखरेनेही होतं: १९ लिटरला साधी साखर २५ ग्रॅम. बाटल्यांत बिअर भरताना घालतात तेवढी घातली, तर वर सांगितलेला फेसाचा ग्लास नक्की.

एक गोष्ट हटकून विसरली जाते. अशी केग बंद करून तशीच फ्रिजमध्ये ठेवली, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, झाकणाची पकड सुटते आणि हवा आत शिरते. थंड करण्याआधीच बिअर गॅस जोडायचा.

केग ४ अंशाला आली की ३५ पीएसआय. काही न करता ठेवली, तर नायट्रोजन मुरायला सात ते दहा दिवस लागतात. लवकर हवं असेल तर गॅसचं कनेक्शन केगवरच्या बिअरच्या बाजूच्या पोस्टला, म्हणजे एरवी बिअर जिथून बाहेर येते त्या जोडणीच्या तोंडाला लावा. वायू लांब नळीतून तळाशी जातो आणि बिअरमधून बुडबुडत वर येतो. नंतर केग उभीच धरून हलवायची, दहा मिनिटं, दोन-तीन वेळा, आणि रात्रभर ठेवायची. रेग्युलेटरच्या पुढे एकदिशा झडप असू द्या, नाहीतर कधीतरी बिअर उलटी रेग्युलेटरात शिरते. पिण्यासाठी दाब ३० ते ३५ ठेवला की २५ टक्क्यांचा वाटा कार्बन डायऑक्साइडला १.२ च्या आसपास धरून ठेवतो. शुद्ध नायट्रोजनवर हे होत नाही. केग जसजशी रिकामी होते, तसतसा बिअरमधला कार्बन डायऑक्साइड वरच्या मोकळ्या जागेत जातो आणि शेवटचे ग्लास मिळमिळीत लागतात. दोन दिवसांत केग संपणार असेल तर चालेल.

नळाच्या तोंडात पाच बारीक छिद्रांची चकती असते. एवढा दाब ती एकटी अडवते, म्हणून नळीच्या लांबीचा हिशोब इथे लागू नाही. छिद्रांतून घासून निघतानाच विरघळलेला वायू सुटतो. नळ अर्धवट उघडू नका, एका झटक्यात पूर्ण. ग्लास ४५ अंशांत तिरका, पाऊण भरला की थांबा. बुडबुडे काचेलगत खाली उतरताना दिसतील: वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासात ते काचेपासून आत सरकतात, कडेची बिअर जड होऊन खाली येते आणि बारीक बुडबुड्यांना ओढून नेते. दीड-दोन मिनिटांनी ग्लास सरळ धरून उरलेला भरायचा.

धार वाकडी पडते किंवा एकदम मंदावते तेव्हा चकतीचं एखादं छिद्र बुजलेलं असतं. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) कण, कॉफीचा चुरा, यीस्ट, काहीही पुरतं. केगमध्ये सुटं काही टाकायचंच नाही, बारीक जाळीच्या पिशवीत टाकायचं. शेवटच्या ग्लासनंतर नळाचं तोंड गरम पाण्यात बुडवलं की बिअर छिद्रांत वाळत नाही. आधीच वाळली असेल तर तोंड उघडून सगळे भाग अल्कधर्मी (अल्कलाइन) क्लीनरच्या कोमट पाण्यात भिजवा. कोणता भाग कुठे होता, हे काढतानाच बघून ठेवा.

बिअर कोणती, यालाही महत्त्व आहे. कार्बन डायऑक्साइड कमी म्हणजे जिभेवरचा चुरचुरीतपणा कमी, त्यामुळे बिअर गोल आणि किंचित गोडसर वाटते. आयपीए या हॉप्सच्या वासाच्या बिअरचा सुगंध यात दबतो, माझ्या मते तो खटाटोपच फुकट. ड्राय स्टाउट ही काळी बिअर मात्र खुलते: आंबवण्याआधीची घनता १.०४२, भाजलेलं बार्ली ८ ते १० टक्के, फ्लेक्ड (पोह्यांसारखं चपटं केलेलं) बार्ली तेवढंच, कडवटपणा ३५ ते ४० आयबीयू (कडवटपणाचं एकक). कोको निब्ज किंवा खोबरं घातलं तर त्यातलं तेल फेस मारतं.

क्रीम फेटायच्या छोट्या काडतुसांत नायट्रस ऑक्साइड असतो, नायट्रोजन नव्हे. तो झटकन विरघळतो आणि बिअर गोड करतो. आणि नायट्रोजनला वास नसतो, गळती झाली तर गुदमरेपर्यंत कळत नाही, तेव्हा मोठं सिलिंडर बंद, कोंदट खोलीत नको, साखळीने उभं बांधलेलं हवं.

बिअर गॅसचं सिलिंडर जोडण्याआधी बिअरमधला कार्बन डायऑक्साइड बरोबर आहे का, हे सुई नसलेल्या सिरिंजने कळतं. ग्लासभर बिअर काढून थंड करा, त्यातली १० मिलि ओढा आणि जोरात पुन्हा ग्लासात मारा. बारीक, दाट साय आली की केग तयार आहे. ग्लास उतू गेला, तर केग खोलीच्या तापमानालाच ठेवून झडपेतून वायू सोडा, थोडं हलवा, पुन्हा सोडा आणि परत मारून बघा.