आधीच्या मालकाचा खेळ

जुन्या वस्तूंच्या दुकानात व्हिडिओ गेम कधीच आपल्या जागी नसतात. चार्जरांच्या गुंत्याखाली, बंद घड्याळांशेजारी, नाहीतर मोडक्या खेळण्यांच्या खोक्यात अगदी तळाला. इंटरनेटवर नाव टाकलं की हवा तो गेम सापडतो, मान्य. पण ज्याचं नावच आपल्याला ठाऊक नाही, तो सापडायला असं खोकंच उपसावं लागतं.

हाती आलेलं कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये (खेळायच्या यंत्रात) बसवायची गेमची प्लास्टिकची डबी, मी आधी पालथं करतो. पुढच्या स्टिकरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. नकली मालावरचं स्टिकर अस्सलपेक्षा चकचकीत असतं. खरं-खोटं आतला सर्किट बोर्ड सांगतो. पण निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या बहुतेक जुन्या कार्ट्रिजचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाहीत, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या खात्री होत नाही. पिना काळवंडलेल्या असल्या तर चिंता नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की उजळतात. फुंकर मात्र मारू नये. लहानपणी फुंकरीने गेम चालायचा असं वाटायचं. चालायचा तो कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजायच्या, तेवढाच फुंकरीचा प्रताप.

काहीजण सीलबंद खोकी जमवतात. ज्याची त्याची हौस, पण कधीच न खेळलेला गेम जपण्यात काय मजा, हे मला उमगलेलं नाही. मला वापरलेलाच हवा. मागे मार्करने कुणाचं नाव खरडलेलं असेल तर उत्तमच.

आणि आत सेव्ह, म्हणजे आधीचा मालक खेळात कुठवर पोचला त्याची नोंद, शिल्लक असेल तर काय विचारता! ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ १९८७ मध्ये कार्ट्रिजवर अमेरिकेत आला, तेव्हा त्यात बटणाएवढा सेल होता. कन्सोल बंद केला तरी तो सेल मेमरी चिपला जागं ठेवायचा. पुढे कितीतरी गेमांनी हीच सोय उचलली. १९९९ च्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर त्याच सेलवर घड्याळही चालायचं, म्हणून त्यांचे सेल आधीच्या पोकेमॉनपेक्षा लवकर संपतात. सेल संपला की सेव्ह गेला. आणि तो बदलायला काढला, तरी गेलाच.

सुदैवाने आता कार्ट्रिजमधला सेव्ह संगणकावर उतरवून घेणारी छोटी यंत्रं मिळतात. आधी सेव्ह उतरवायचा, मग नवा सेल सोल्डर करायचा, मग सेव्ह परत आत घालायचा. काही विक्रेते गेम ‘साफ’ करून, म्हणजे सगळे सेव्ह पुसून विकतात. ती सफाई मला मुळीच नको असते.

दुसऱ्याचा डाव मी पुढे खेळत नाही, नुसता उघडून बघतो. बहुतेकजण शेवटच्या शत्रूच्या जरा अलीकडे थांबलेले असतात. औषधं, हत्यारं सगळी जय्यत साठवलेली, वापरलेलं काहीच नाही. परीक्षा आली, नवा गेम आला, की गडी नुसताच घाबरला, कोण जाणे. झेल्डात तीन खेळाडूंची सोय असते आणि नावापुढे त्याचे बदाम, म्हणजे जीव मोजायची पत्त्यांतल्यासारखी चिन्हं, दिसतात. माझ्याकडच्या एका कार्ट्रिजमध्ये तिन्ही नावं भरलेली आहेत. पहिल्या दोघांपुढे बदामांच्या भरगच्च ओळी. तिसऱ्यापुढे सुरुवातीला मिळतात तेवढे तीनच. धाकट्याच्या हाती कंट्रोलर येणार तरी कधी!