करारात पेशंटचा आकडा लिहायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. हा प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतो. अमेरिकेत मेंबरशिपवर चालणारी प्रॅक्टिस सुरू करू पाहणारे डॉक्टर विचारतात, "जास्तीत जास्त किती पेशंट घेईन हे करारात लिहू का?" आणि अशा डॉक्टरांकडे फी भरून नाव नोंदवलेले लोक विचारतात, "सहाशेच्या वर घेणार नाही असं लिहिलंय खरं, पण मोजतं कोण?" मी वकील आहे आणि असे करार लिहिणं, तपासणं हे माझं रोजचं काम आहे. दोघांनाही मी एकच उत्तर देते. आकडा मोजता येणार असेल आणि तो मोडल्यावर काही घडणार असेल, तर जरूर लिहा. नुसता शोभेला असेल तर गाळा. शोभेचा आकडा डॉक्टरलाच एक दिवस अडचणीत आणतो.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला नेहमीचा फॅमिली डॉक्टर बहुतेक कमाई विमा कंपनीकडून भेटीगणिक मिळवतो. खर्च भागवायचा तर त्याच्या नावावर दोन-अडीच हजार पेशंट लागतात. याला तिथं पॅनल म्हणतात. मेंबरशिपच्या प्रॅक्टिसमध्ये पेशंट महिन्याची किंवा वर्षाची ठरलेली फी थेट डॉक्टरला देतो, आणि डॉक्टर पॅनल लहान ठेवतो. यात दोन तऱ्हा आहेत. कॉन्सिएर्जवाले फीही घेतात आणि विमा कंपनीलाही बिल लावतात. डायरेक्ट प्रायमरी केअरवाले विम्याच्या वाटेलाच जात नाहीत, फक्त फीवर चालतात. करार वाचताना आपण कोणत्या तऱ्हेचा वाचतोय हे आधी पाहावं, कारण पुढची निम्मी कलमं त्यावर ठरतात.

सुरुवातीपासून हा धंदा आकड्यावरच उभा आहे. १९९६ साली सिएटलमध्ये हॉवर्ड मॅरन या डॉक्टरनं, जो आधी तिथल्या सुपरसॉनिक्स या बास्केटबॉल संघाचा डॉक्टर होता, एमडी स्क्वेअर नावाची प्रॅक्टिस काढली. एका डॉक्टरमागे फक्त ५० कुटुंबं. २००० साली फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये एमडीव्हीआयपी सुरू झाली, तिनं एका डॉक्टरमागे ६०० ची मर्यादा ठेवली. आज कुठलाही नवा करार उघडा, बहुतेकदा ४०० ते ८०० च्या मधला आकडा सापडतो, आणि "सहाशे का?" असं विचारलं की डॉक्टर म्हणतो, सगळे तेवढेच लिहितात!

सहाशेला काही आधार आहे का? २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच हजारांच्या पॅनलला मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळी प्राथमिक सेवा द्यायची, तर एका डॉक्टरला दिवसाला २६.७ तास लागतील, असा त्याचा हिशेब होता. आता सरळ त्रैराशिक मांडा. सहाशे पेशंटना साधारण ६.४ तास येतात, म्हणजे माणसाला झेपेल असा दिवस. हे त्रैराशिक माझं आहे, अभ्यासकांचं नाही, आणि एमडीव्हीआयपीनं आकडा ठरवला तेव्हा हा अभ्यास बावीस वर्षं दूर होता. पण आकडा अगदीच हवेतला नाही एवढं त्यातून दिसतं. अर्थात पंचाहत्तरीच्या पुढचे चारशे पेशंट हे तिशीतल्या आठशेंपेक्षा जड असतात. डोकी मोजणं ही मुळात ढोबळ रीत आहे. तिच्यापेक्षा बरी आणि तितकी सोपी रीत मला अजून कुणी दाखवलेली नाही, म्हणून आपण डोकीच मोजतो.

आता खरी मेख. मोजायचं कुणाला?

तुम्ही करारात वाचता, "डॉक्टर ६०० पेक्षा जास्त सभासद घेणार नाही." सभासद म्हणजे ज्यानं करारावर सही केली तो. मग त्याची बायको आणि दोन मुलं? कुटुंबाची एकच मेंबरशिप असेल तर काही करारांत ती एक मोजली जाते. सहाशे मेंबरशिपा म्हणजे मग चौदाशे माणसंही असू शकतात. त्यात जे डॉक्टर पॅनलचा एक भागच मेंबरशिपवर नेतात आणि बाकीचे जुने पेशंट विम्यावर पाहत राहतात, त्यांचे ते जुने पेशंट या आकड्यात येतच नाहीत. करार खोटं बोलत नाही, सभासद सहाशेच आहेत. पण तुमचा फोन ज्या दुपारी वाजत राहतो त्या दुपारी डॉक्टर विम्यावरच्या पेशंटांत अडकलेला असतो.

दुसरं, आकडा डॉक्टरमागे आहे की प्रॅक्टिसमागे? डॉक्टरमागे ६०० आणि प्रॅक्टिसमध्ये दोन डॉक्टर, तर १२०० झाले, ठीक. पण त्यातला एक आठवड्यातून दोनच दिवस येत असेल तर? आणि नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देऊ शकणारी जास्त शिकलेली नर्स, ठेवली की तिच्या नावावर आणखी ३०० वाढवायचे का? मी माझ्या मसुद्यात अर्धवेळ डॉक्टरची मर्यादा त्याच्या कामाच्या वेळेच्या प्रमाणात लिहिते, आणि नर्स प्रॅक्टिशनरमुळे मर्यादा वाढणार असेल तर तेही आकड्यानिशी लिहायला लावते. डॉक्टर मंडळींना हे आवडत नाही. "इतकं कशाला, पेशंट वाचतात कुठे?" असं म्हणतात. पेशंट वाचत नाही, खरंय. त्याचा भाऊ किंवा मेव्हणा वाचतो, आणि तो नेमका वकील निघतो.

तिसरं, कंपन्यांचे गट. एखादी छोटी कंपनी आपल्या साठ कामगारांची फी एकदम भरायला तयार होते. डॉक्टरच्या डोळ्यांपुढे महिन्याचा ठरलेला चेक येतो. पॅनल आधीच ५७० असतं. साठांपैकी अर्धे कधी फिरकतच नाहीत, हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की तो सुरू होताच मी मान हलवायला लागते. फिरकोत न फिरकोत, ज्याची फी घेतली तो मोजायचा. उलट डॉक्टर आपल्या आईवडिलांना, क्लिनिकच्या नोकरांना, दोन-चार गरजूंना फुकट पाहतो, त्यांना वगळायला माझी हरकत नसते. पण वगळलंय हे लिहा.

डॉक्टर आजारी पडला, बाळंतपणाच्या रजेवर गेली, किंवा भागीदार अचानक गेला, तर उरलेल्या डॉक्टरकडे सहाशेचे बाराशे होतात. तेव्हा मर्यादा मोडलीच म्हणायची का? इथं मी मुदतीची सूट लिहिते. मुदत लिहायची, पेशंटला कळवायचं, आणि मुदत संपेपर्यंत नवा सभासद घ्यायचा नाही. एवढं असलं की कुणी तक्रार करत नाही.

शब्दांचं वजनही वेगवेगळं असतं. "६०० पेक्षा जास्त घेणार नाही" हे वचन आहे. "साधारण ६०० पर्यंत ठेवण्याचा मानस आहे" हा मानस आहे, आणि मानस मोडल्याबद्दल कोर्टात फारसं काही हाती लागत नाही. सावध वकील डॉक्टरला दुसरं वाक्य देतो. मीही देते, जेव्हा डॉक्टर नवा असतो आणि त्याचा स्वतःचाच अंदाज बसलेला नसतो. पण मग वेबसाइटवर आणि पत्रकावर "फक्त ६००!" असं ठळक छापायचं नाही. प्रत्येक राज्यात ग्राहकाची दिशाभूल करण्याविरुद्ध कायदा आहे, आणि करारात मानस लिहून जाहिरातीत वचन देणं त्याच्या कक्षेत येऊ शकतं. सगळ्यात जास्त घोळ मला याच जागी दिसतो. करार एकानं लिहिलेला, जाहिरात दुसऱ्यानं, आणि दोघांनी एकमेकांचं वाचलेलं नाही.

मोडल्यावर काय? बहुतेक करार इथं गप्प असतात. पेशंटला तीस दिवसांची नोटीस देऊन करार सोडता येतो, तेवढंच. पण सोडून जायची मुभा त्याला तशीही होती. माझी मागणी साधी असते. दर वर्षी करार नवा होताना त्या दिवशीचा खरा आकडा लेखी कळवा. मर्यादा ओलांडलेली असेल तर नोटिशीशिवाय जाता येईल आणि उरलेल्या महिन्यांची फी परत मिळेल, हे लिहा. ज्या डॉक्टरला हे लिहायला जड जातं, त्याला आकडा पाळणं त्याहून जड जाणार आहे, असं मी समजते.

कायद्याची बाजू फार लांबवत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. वॉशिंग्टन राज्यानं २००७ साली थेट फीच्या प्रॅक्टिससाठी कायदा केला. निव्वळ तब्येतीच्या कारणावरून पेशंट नाकारता येणार नाही, असं त्यात आहे. नाकारायला मोकळीक मोजक्याच कारणांसाठी: प्रॅक्टिसची कमाल क्षमता भरली असेल, किंवा पेशंटचा आजारच असा असेल की तिथं योग्य उपचार देता येणार नाहीत. म्हणजे आकडा हे तिथं कायदेशीर ढाल आहे. पण ढाल तेव्हाच, जेव्हा आकडा आधी लिहिलेला असेल आणि सगळ्यांना सारखा लावला असेल. मधुमेहाचा पेशंट आला की "जागा भरल्या" आणि पुढच्या आठवड्यात धडधाकट तरुण आला की जागा रिकामी, असं झालं तर तोच आकडा उलटा पुरावा होतो. म्हणून प्रतीक्षायादी तारखेनिशी ठेवा.

दुसरी गोष्ट मेडिकेअरची, म्हणजे ६५ च्या पुढच्या लोकांच्या सरकारी विम्याची. जो डॉक्टर मेडिकेअरला बिल लावतो, त्याला मेडिकेअरमध्ये आधीच येणाऱ्या सेवेचे पेशंटकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. २००४ साली केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं यावर इशारा काढला होता. मिनेसोटातल्या एका डॉक्टरनं पेशंटकडून वर्षाला ६०० डॉलर घेतले होते, आणि प्रकरण ५३,४०० डॉलर भरून मिटवावं लागलं. त्याच्या करारात जे देऊ केलं होतं त्यात पेशंटला "जादा वेळ" हेही होतं, आणि आक्षेप त्यावरही होता. म्हणून लहान पॅनलचं कलम लिहिताना "ही फी तुम्हाला जास्त वेळ मिळावा म्हणून" असं मोकळ्या मनानं लिहून टाकणारे डॉक्टर पाहिले की माझा हात आधी खोडरबराकडे जातो. फी कशाची, हे वेगळं आणि नेमकं लिहायचं. पॅनल किती, हे वेगळ्या कलमात. ज्यांना हा जाचच नको, ते मेडिकेअरमधून दोन-दोन वर्षांसाठी बाहेर पडतात आणि प्रत्येक पेशंटशी खासगी करार करतात.

अडीच हजारांवरून सहाशेवर येताना एकोणीसशे माणसं बाहेर जातात, त्यांचं काय, असंही तुमच्यातल्या काहींनी विचारलंय. त्यांना पुरेशी नोटीस, कागदपत्रं आणि दुसरा डॉक्टर शोधायला मदत, ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेचीही अपेक्षा आहे. ते केलं नाही तर पेशंटला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका येतो. पण सगळ्यांनी असंच केलं तर गावात डॉक्टर उरेल का, हा प्रश्न कराराच्या पोटात मावत नाही, आणि मावतो असं मी भासवत नाही.

शेवटी पैसे, कारण आकड्याला धक्का तिथूनच बसतो. समजा महिन्याला ८० डॉलर फी आणि ६०० सभासद, तर वर्षाचे ५,७६,००० डॉलर होतात. ४०० सभासदांवर ३,८४,०००. यातूनच भाडं, पगार, चुकीच्या उपचाराच्या दाव्यांसाठीचा विमा आणि मग डॉक्टर. खर्च वाढला की दोनच वाटा: फी वाढवा किंवा माणसं वाढवा. करारात फीवाढीचं कलम बहुधा सविस्तर असतं आणि मर्यादावाढीचं एका ओळीत, "प्रॅक्टिस आपल्या निर्णयानुसार बदल करू शकेल." त्या एका ओळीनं आधीचं सगळं कलम रद्द होतं, हे पेशंटच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरच्याही.

२०२६ च्या १ जानेवारीपासून यात एक नवं वळण आलंय. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं डायरेक्ट प्रायमरी केअरची फी आरोग्य खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यातून, म्हणजे एचएसएमधून, भरायला वाट करून दिली. पण फी एका माणसाला महिना १५० डॉलर आणि कुटुंबाला ३०० डॉलर यांच्या आत असली तरच. हा टप्पा महागाईप्रमाणे सरकत जाईल, पण दर वेळी तुमच्या घरमालकाच्या वेगानं सरकेलच असं नाही. ज्यांची फी आजच १५० ला टेकली आहे त्यांना ती वाढवली तर एचएसएवाले पेशंट गमवावे लागतील, मग हात जाईल तो पॅनलच्या आकड्याकडे. म्हणून सध्या तपासायला आलेल्या करारात मी आधी फी किती आहे ते पाहते, आणि ती १५० च्या जवळ असली तर मर्यादावाढीच्या त्या एका ओळीवर लाल खूण करून विचारते: किती वाढवणार, कधी वाढवणार, आणि जुन्या सभासदाला किती दिवस आधी सांगणार?